शारजात नदी नाही

दुबईहून परत आल्यापासून लोक एकच विचारतात. 'बुर्ज बघितला का?' स्टाफरूममध्ये विचारतात, बसस्टँडवरचा झेरॉक्सवाला विचारतो, बँकेतला शिपाई विचारतो. बघितला. लांबून, बसच्या काचेतून, गाड्यांच्या रांगेत अडकले होते तेव्हा. सुईसारखा दिसतो. पुढे?

सोन्याच्या बाजारात गेले नाही. वाळूत जीप उडवली नाही. उंटाबरोबर फोटो नाही. पाच दिवसांत मी आणि माझ्या बापानं जे बघितलं ते वेगळं आहे आणि ते मी रागात लिहितेय. राग निवल्यावर लिहा, असं शाळेतल्या एका मॅडमनी सुचवलं. दोन महिने थांबले. निवला नाही.

आधी मी कोण ते सांगते. मी सुमन. सुरगाणा तालुक्यातल्या पाड्यावरची, जातीनं कोकणा आदिवासी. आमच्या पाड्यावरची पहिली बी.ए., मग बी.एड. आश्रमशाळेत इंग्रजी शिकवते. कुठेही गेले तरी हे मी आधी सांगते. काहींना खटकतं. खटकू दे.

माझा बाप थाळकरी. ज्यांनी थाळ ऐकलेला नाही त्यांच्यासाठी: काशाची थाळी मांडायची, मधोमध मेणाचा गोळा चिकटवायचा, त्यात एक बारीक काडी उभी करायची. मग चिमटीत काडी धरून बोटं वरून खाली ओढत राहायचं. थाळी घुमायला लागते. भुंगा कानाशी यावा तसा एकच सूर, न तुटणारा. त्या सुरावर थाळकरी कथा गातो आणि दुसरा एक जण मागून शेवटचा शब्द धरून ठेवतो.

कथा दोन तऱ्हेच्या. एक कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची. पीक घरात आलं की ती गातात. दुसरी मेलेल्या माणसाची. दिवसकार्याला थाळकरी गेलेल्याला वाटेला लावतो. उंबरा, खळं, डोंगर, मग मोठी नदी, आणि नदीपलीकडे थोरल्यांचं गाव. ही कथा घरात मयत असल्याशिवाय गायची नाही. आणि एकदा सुरू केली की मध्ये सोडायची नाही, सोडली तर तो माणूस नदीत उभा राहतो. एवढे दोनच नियम. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतात. मला कळले नाहीत, ते पुढे येईलच.

शारजात एक खासगी कंपनी जगभरच्या मूळ रहिवाशांच्या गाण्यांचा उत्सव भरवते. त्यांची ईमेल माझ्या नावावर आली. सोबत सात पानांचा करार, वकिली इंग्रजीत. बा म्हणाला, 'सगळं वाचलंस का?'

मी म्हटलं, 'बा, मी इंग्रजी शिकवते.'

दुसऱ्या पानाच्या मध्यावर कंटाळून शेवटच्या पानावर सही केली होती. मागचा सूर धरायला काका येणार होता, त्याचा पासपोर्ट वेळेत आला नाही. म्हणून मागचा सूरही मीच.

अल कुसैस, बुधवार

विमानतळावर बाच्या पिशवीतून एक फडक्याची पुरचुंडी निघाली. वाळलेली मोहाची फुलं. थाळ मांडताना वाहायला लागतात, आणि मेलेल्याची कथा संपली की पाच फुलं पाण्यात सोडायची असतात. ती पिशवीत कायमच असतात, बा ती काढायला विसरला नव्हता, काढायची असतात हेच त्याला माहीत नव्हतं. तरुण अधिकारी होता. त्यानं वास घेतला, हिंदीत विचारलं, 'किशमिश?'

'तसंच. पूजेसाठी.'

त्यानं पुरचुंडी मशीनमधून फिरवली, परत बांधून बाच्या हातात दिली. दोन्ही हातांनी दिली. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे जे झालं ते आपल्या माणसानं केलं.

आपला माणूस म्हणजे परागसर. कंपनीचे कोऑर्डिनेटर, मूळचे ठाण्याचे, वीस वर्षं आखातात. 'वेलकम वेलकम! फ्लाइट ओके? यल्ला, पार्किंगचं मीटर चालू आहे.' बाला म्हणाले, 'बाबा, फर्स्ट टाइम प्लेन? डर लगा?' बा म्हणाला, 'झोप लागली.'

अल कुसैस म्हणजे दुबईचं शारजाकडचं टोक; तिथल्या हॉटेलच्या लॉबीत त्यांनी वाद्यं तपासली. थाळी बघून चेहरा पडला. 'बस? एवढंच? व्हिडिओत मोठी वाटते.' मग पुरचुंडी. 'हे काय?'

'मोहाची फुलं.'

'मोह म्हणजे... दारूवाला मोह? मॅडम! शारजा ड्राय आहे, ड्राय! मला आत घालणार का?'

'देवाची फुलं आहेत, सर. मनुकेइतकी दारू आहे त्यात. एअरपोर्टवर बघून सोडलंय.'

'त्यांना नाही माहीत. मला माहीत आहे ना तुम्हा लोकांचं!' असं म्हणून त्यांनी पुरचुंडी लिफ्टशेजारच्या डब्यात टाकली. आणि हात सॅनिटायझरनं पुसले.

तुम्हा लोकांचं. आमच्याकडे मोहाची दारू आहे. थेंब शिंपडून थोरल्यांना देतात, आणि पितातही. माझा थोरला काका पिऊनच गेला, ते मी लपवत नाही. पण ठाण्याच्या गच्च्यांवर शनिवारी काय चालतं ते मीही बी.एड.ला तिथल्या हॉस्टेलात राहून बघितलंय. तिथं कुणी कुणाच्या देवाचं फूल कचऱ्यात टाकत नाही.

'तू सांगितलंस का, देवाची आहेत म्हणून?' सामानापाशी उभ्या असलेल्या बानं विचारलं.

'सांगितलं.'

बा त्या डब्याकडे बघत उभा राहिला. लिफ्ट दोनदा येऊन गेली.

वर खोलीत आमच्यासाठी कपडे ठेवले होते. वारली चित्रं छापलेले दोन झब्बे. मी फोन केला. 'सर, आम्ही वारली नाही, कोकणा.'

'अरे सेम सेम. ऑडियन्सला काय कळतंय, हबीबी.'

अल कुसैस, गुरुवार सकाळ

दारावर टकटक झाली. निळ्या गणवेशातली पन्नाशीची बाई, हाउसकीपिंगची सुपरवायझर. छातीवर पाटी, फिलोमिना. हातात आमची पुरचुंडी, स्वच्छ पिशवीत घातलेली.

'तुमचंच ना? वासावरून ओळखलं. आमच्या वसईला वाडीच्या मागे मोह होता, पोरं असताना वेचायला जायचो.'

'तुम्हाला टाकायला सांगितलं असेल.'

'सांगितलं ना. असं काही सांगितलं की मला कमी ऐकायला येतं.'

बा तिला म्हणाला, 'पोरी, इथली नदी कुठल्या बाजूला?'

'नदी नाही बाबा इथे. दुबईत नाही, शारजात पण नाही. खाडी आहे, खारट. गोडं पाणी सगळं नळाला.'

बाला ती चेष्टा करतेय असं वाटलं. एवढे लोक राहतात आणि नदी नाही? तो दुपारपर्यंत अधूनमधून हसत होता.

न्याहारीला खाली गेलो तर एका टेबलावर तिघं बसले होते. म्हातारा, काउबॉय टोपी, दोन पांढऱ्या वेण्या खांद्यावर. त्याची लेक, माझ्या आईच्या वयाची. आणि नात, पंचविशीची. ताटातल्या पुरीकडे तिघंही बघत होते. लेकीनं पुरी उचलून उजेडात धरली, बापाला काहीतरी म्हणाली, आणि तिघं एवढे हसले की वेटर धावत आला.

नातीनं मला सांगितलं, 'आमच्याकडे हीच असते. अशीच फुगते. आई म्हणतेय, एवढे तास विमानात बसून आपण आजीच्या स्वयंपाकघरात आलो.'

अशी ओळख झाली. ते लाकोटा, अमेरिकेतल्या गवताळ मैदानावरचे. म्हातारा रेमंड, लेक लोरेन, नात डेला. डेला नर्स आहे. घराण्यातली पहिली पदवीधर. हे तिनंही नावाआधीच सांगितलं, तेव्हा मला ती जास्तच आवडली.

त्यांच्या घराचा धर्म तिनं सांगितला तो असा. दूर दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेजवळ एक बुटका, बिनकाट्याचा निवडुंग उगवतो. पेयोटी. ही माणसं त्याला औषध म्हणतात. कुणी आजारी असेल, कुणाचं पोर परीक्षेला बसणार असेल, कुणावर दुःख आलं असेल, की तंबूत विस्तवाभोवती रात्रभर बसतात. ते औषध घेतात, प्रार्थना करतात. एक काठी आणि भोपळ्याचा खुळखुळा हातोहात फिरतो. ज्याच्या हातात येईल त्यानं चार गाणी म्हणायची, शेजारच्यानं ढोल धरायचा. ढोल म्हणजे लोखंडी पातेलं, आत पाणी, वर हरणाचं ओलं कातडं दोरीनं आवळलेलं. तो दर वेळी नव्यानं बांधतात, संपलं की सोडतात. पहाटे घरातली बाई पाणी घेऊन तंबूत येते, सगळ्यांना पाजते.

मी हे बाला सांगत होते. बानं एकच विचारलं, 'मध्ये कुणी उठून जातं का?'

डेलानं आजोबांना विचारलं. रेमंडनं मान हलवली. नाही.

'मग बरोबर आहे,' बा म्हणाला आणि पुरी खायला लागला.

रेमंडच्या आजोबांना लहानपणी सरकारनं वसतिशाळेत टाकलं होतं. केस कापले. आपली भाषा बोलला की साबण तोंडात. सुट्टीत घरी आलं की तो पोरगा तंबूत वडिलांच्या मांडीवर झोपायचा आणि झोपेत गाणी ऐकायचा. तीच गाणी रेमंडकडे, लोरेनकडे, डेलाकडे आली. 'माझ्या बापाची दारू या औषधानं सोडवली,' रेमंड म्हणाला, 'आणि लोक आम्हाला नशेबाज म्हणतात.'

औषध त्यांनी अर्थातच आणलं नव्हतं. ते घरी असतं, ते हिंडत नाही, असं लोरेन म्हणाली. इथं फक्त जी गाणी तंबूबाहेर, गाडीत, पोरांना झोपवताना म्हणतात, तेवढीच म्हणणार.

वसतिशाळेचं ऐकताना माझा घास तोंडात फिरत होता. वर्गात कोकणीत, म्हणजे आमच्या कोकणा बोलीत, बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलंय. 'शुद्ध बोला' म्हणून. साबण नाही घातला, एवढंच.

शारजा, गुरुवार दुपार

अल कुसैस ते शारजा हे अंतर चालत जाण्याइतकं आहे म्हणतात. बसनं दीड तास लागला. दुबईत नोकरी, शारजात स्वस्तातलं घर, त्यामुळे सगळी माणसं रोज याच रस्त्यावर अडकतात. बसमध्ये परागसरांचा मुलगा होता, शाळा सुटल्यावर सोबत आलेला. परागसर मराठीत विचारत होते, 'भूक लागली का रे?' तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, 'आय ॲम गुड.' दर वेळी. मला परागसरांची तेवढ्यापुरती दया आली. तेवढ्यापुरतीच.

रंगीत तालमीला आधी लाकोटा घराणं. परागसर पिसांचे तीन टोप घेऊन आले. प्लास्टिकची पिसं, लाल-पिवळी. 'सर, प्लीज वेअर. रेड इंडियन लुक.'

रेमंडनं आपली टोपी काढली, झटकली, परत घातली. 'माझ्याकडे टोपी आहे.'

कार्यक्रमपत्रिकेतून पेयोटी हा शब्द काढला होता. ते मी समजू शकते, तिथला कायदा कडक आहे. डेलाही म्हणाली, समजतं. पण परागसर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, 'मॅडम, हे लोक कॅक्टस खाऊन टुन्न होतात. तुमचं मस्त जमेल यांच्याशी.' आणि डोळा मारला.

शाळेत तीनशे पोरं माझ्या आवाजाला घाबरतात. इथं माझी जीभ उचलली नाही, त्याचा राग अजून आहे.

मग आम्ही. बानं थाळ मांडला, कणसरी सुरू केली. दोन मिनिटांत परागसरांनी हात वर केला. 'स्टॉप, स्टॉप. हा नंबर नको. तो व्हिडिओवाला पाहिजे. तो हॉन्टिंग आहे ना, नदीवाला.'

बा माझ्याकडे बघायला लागला. 'कुठला व्हिडिओ?'

'काही नाही बा. ते दुसऱ्याच कुणाचं—'

'हा काय,' म्हणून परागसरांनी टॅबलेट बाच्या समोर धरला.

त्यात बाचे हात होते. काडीवर वरखाली जाणारे. मागे आमची ओसरी, भिंतीला टेकवलेला आईचा पाट. माझ्या आईच्या दिवसकार्याचा व्हिडिओ. मी काढलेला. मीच इंटरनेटवर टाकलेला.

का टाकला ते लिहिते. आईच्या कार्याला शाळेतले दोन सर आले होते. पाड्यावर येताना एक जण म्हणाला होता, 'तुमच्यात काय, ताडी-माडी आणि नाच.' मला दाखवायचं होतं की आमच्यात कथा आहे, तासन्‌तास चालणारी, तुमच्या पुस्तकांत नाही अशी. खाली इंग्रजीत माहिती लिहिली होती, एकही चूक नसलेली. हजारो लोकांनी बघितला. त्यातल्याच एकानं आम्हाला इथं बोलावलं होतं.

बानं थाळीवरचं मेण सोडवलं, फडक्यात बांधलं. थाळी पिशवीत घातली. परागसर म्हणत होते, 'बाबा, पाच मिनिटंच तर गायचंय.' बा बसमध्ये जाऊन बसला.

परतीला दोन तास लागले. अल कुसैसची पाटी दिसली तेव्हा तो बोलला.

'किती जणांनी बघितला?'

'बऱ्याच जणांनी, बा.'

'त्यातल्या कुणाच्या घरी मयत होतं?'

मी खिडकीबाहेर बघत राहिले, परागसरांच्या मुलासारखी.

दुबई, शुक्रवार

सुट्टीचा दिवस. बा माझ्याशी बोलत नव्हता, पण रेमंडशी बोलत होता, तो कोकणीत आणि रेमंड त्याच्या भाषेत. मी आणि डेला मागून चालत होतो. खाडीवर गेलो. लाकडी होड्या, डिझेलचा वास, पलीकडे काचेच्या इमारती. टपरीवर दाट करक चहा घेतला, कप दीड दिरहम. बानं रुपयात किती विचारलं नाही, म्हणजे राग केवढा ते समजा.

बानं खाडीत बोट बुडवून जिभेला लावलं. थुंकला. 'हॉटेलातली पोरगी खरं सांगत होती. नदी नाही.' मग त्यानं पिशवीतून थाळी काढली, रेमंडला दाखवली. रेमंडनं काडीला हात लावला नाही, फक्त वाकून कान जवळ नेला. हातानं ढोलाच्या गाठी कशा मारतात ते दाखवलं. हवेत, नुसत्या बोटांनी, सात वेळा. बानं सात मोजले.

मी डेलाला सगळं सांगितलं. करार, व्हिडिओ, सही. तिला वाईट वाटेल, ती समजूत घालेल, असं मला वाटत होतं. तिनं मोबाइल काढला आणि झोप लागण्यासाठीचं एक ॲप उघडलं. धबधब्याचा आवाज, त्यावर एक पुरुषी आवाज, खुळखुळा.

'हा माझा खापरपणजोबा,' ती म्हणाली. 'एका प्रोफेसरला त्यानं चार गाणी दिली. प्रोफेसर भला माणूस होता, आमच्याकडे जेवायचा. आता ही गाणी कुणीही विकतं. एकदा ड्युटीवर एक पेशंट हेच ऐकत झोपला होता आणि मी त्याचं सलाइन बदलत होते.'

'मग काय केलंस?'

'सलाइन बदललं.' तिनं मोबाइल बंद केला. 'तुला काय हवंय, मी म्हणू की चालतं? नाही चालत. तुझ्या बाला सगळं सांग.'

मी तिथंच बाला सांगितलं, व्हिडिओ का टाकला ते. करार न वाचल्याचंही सांगितलं. डेलानं रेमंडला सांगितलं. बा म्हणाला, 'उद्या कणसरी गाईन. पाहुणे म्हणून बोलावलंय, धान्याचं गाणं देतो. ते दुसरं नाही.'

संध्याकाळी मी करार पहिल्यांदा पूर्ण वाचला. पाचव्या पानावर होतं. आधीच्या सर्व ध्वनिचित्रफिती कंपनी वापरू शकेल. आणि शेवटच्या पानावर माझी सही, वळणदार.

शारजा, शनिवार

संध्याकाळी सात. सभागृहात एवढा गारठा की बाची बोटं आखडली. समोर चारपाचशे माणसं, हातात खायच्या प्लेटी. मागे भिंतभर पडदा, त्यावर प्रायोजक बिल्डरचे टॉवर. आम्ही आमचेच कपडे घातले होते. बाचं धोतर, बंडी, फेटा. परागसरांनी तोंड वाकडं केलं, पण वेळ नव्हता.

बानं फुलं वाहिली. कणसरी सुरू झाली. थाळ घुमला आणि मी मागचा सूर धरला. खरं सांगते, पहिली काही मिनिटं मी सगळं विसरले. पुढच्या रांगेत एका म्हाताऱ्या अरबी गृहस्थानं प्लेट खाली ठेवली आणि डोळे मिटले.

मग आमचा माइक गेला. पडद्यावरचे टॉवर गेले आणि आमची ओसरी आली. भिंतभर. बाचे हात, माणसाएवढे. आईचा पाट. आणि सभागृहाच्या सगळ्या स्पीकरांमधून, काटछाट करून, इकडे तिकडे ढोलकीचा ठेका जोडून, माझ्या आईची कथा.

उंबरा. खळं. लोक मोबाइल वर करायला लागले. डोंगर. कुणीतरी शिटी वाजवली. बाची बोटं काडीवर थांबली होती. तो पडद्याकडे बघत नव्हता, ऐकत होता. नदी आली. आई नदीत उतरली, पाणी गुडघ्याला, मग कमरेला.

आणि बंद. व्हिडिओ काढताना माझ्या मोबाइलची बॅटरी तिथं संपली होती.

टाळ्या. टॉवर परत आले.

'सुपर!' परागसर विंगेतून म्हणाले. 'यल्ला, मॅडम, उठा, बाबांना घ्या. नेक्स्ट!'

बा उठला नाही.

'बा, चल.'

'कसा चलू?' तो म्हणाला. 'ती पाण्यात आहे.'

त्यानं मला दोष दिला नाही, परागसरांना दिला नाही. सुरू झालं होतं, आता पुरं करायला हवं होतं, एवढंच होतं त्याच्यासाठी. त्यानं थाळ पडद्याच्या भिंतीला लागून सरकवला आणि लोकांकडे पाठ केली. पण समोर पाचशे मोबाइल होते. इथं गायलं तर नदीपलीकडचंही सगळं त्यांच्या खिशात जाणार.

मी विंगेकडे बघितलं. पुढचा नंबर लाकोटांचा. तिघं खांद्यावर ब्लँकेटं घेऊन उभे. मी डेलाला दोनच वाक्यं सांगितली. तिनं ती आजोबांना सांगितली. रेमंड काहीही न बोलता स्टेजवर आला, खांद्यावरचं ब्लँकेट सोडलं आणि बाच्या एका बाजूला आडवं धरलं. दुसऱ्या बाजूला लोरेन. समोर डेला आणि मी, मध्ये एक ब्लँकेट ताणून. लाल, काळी, पिवळी नक्षी. मागे भिंत. आत माझा बाप.

'मॅडम, स्लॉट खलास झाला!' परागसर धावत आले. 'काय चाललंय? हटो, हटो!' त्यांनी माझ्या हातातलं टोक ओढलं.

तेव्हा माझी जीभ उचलली. पाचशे लोकांसमोर, विनामाइक, तीनशे पोरांना घाबरवणाऱ्या आवाजात. 'हात काढ! माझ्या आईचं दिवसकार्य चाललंय इथं! तुझ्या आईचं असतं तर प्लेटी वाटल्या असत्यास?'

त्यांनी हात काढला. म्हणाले, 'यू हॅव साइन्ड, मॅडम.'

'सही केली. चुकले. आता मागे हो.'

आत थाळ घुमायला लागला. लोक आधी ब्लँकेटांचे फोटो काढत राहिले, मग कंटाळले. साउंडवाल्यानं संगीत लावायचा प्रयत्न केला. पुढच्या रांगेतले ते म्हातारे गृहस्थ उठले, त्याच्यापाशी गेले आणि काहीतरी म्हणाले. ते बंद झालं. अर्धे लोक खायच्या टेबलांकडे गेले. बा गात होता, आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द मी धरून ठेवत होते, हात ताठ करून, तोंड लोकांकडे.

किती वेळ गेला ठाऊक नाही. माझे खांदे भरून आले. रेमंड सत्तरी ओलांडलेला माणूस, पण त्याच्या हातातलं टोक खाली आलं नाही. थाळ थांबला तेव्हा बा म्हणाला, 'पाणी.'

लोरेननं आपलं टोक डेलाच्या हातात दिलं आणि कागदी पेल्यात पाणी आणलं. आधी चार थेंब जमिनीवर सांडले, ते तिच्याकडचं. मग पेला आत दिला. बानं पाच फुलं सोडली, ते आमच्याकडचं.

लाकोटांचा नंबर त्या दिवशी झालाच नाही. वेळ संपली होती. मी माफी मागायला गेले तर रेमंड टोपी झटकत म्हणाला, 'आम्ही होतो की स्टेजवर.'

सुरगाणा

रविवारच्या विमानानं परत आलो. आल्या आल्या व्हिडिओ काढून टाकला. उपयोग नाही, त्याच्या नकला फिरतायत, कंपनीकडची तर आहेच. मी पत्र लिहिलं, उत्तर आलं, पाचवं पान बघा. बघितलं. दुसरं पत्र लिहिलंय, तिसरंही लिहीन. वर्गात कोकणीत बोलणाऱ्या पोरांना आता बाकावर उभं करत नाही.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, बालाही नाही. आईच्या कार्याला बॅटरी संपली तेव्हा मी चार्जर शोधायला शेजारच्या घरी पळाले होते. वायर मिळेना, मग प्लग बसेना. परत आले तेव्हा बा थाळी पुसत होता. पुढची कथा मी ऐकलीच नव्हती. बी.ए. झालेली लेक, आमच्यात केवढी मोठी कथा आहे ते जगाला दाखवणारी, आणि तिची आई नदीतून बाहेर आली की नाही हे तिला ठाऊक नव्हतं.

ते मला शारजात कळलं, ब्लँकेटाचं टोक धरून उभी असताना, पाठीमागून. पलीकडच्या काठावर कोण कोण उभं होतं, आईला कुणी हात दिला, ती काय म्हणाली, सगळं.

तुमच्याकडे तो व्हिडिओ आला तर तो नदीत संपतो. त्यापुढचं शोधू नका. मी लिहिणार नाही.